सूर्यमाळचा बाळंतविडा

सूर्यमाळ, मोखाड्यावरचा डोंगर
२० फेब्रुवारी १९१४

सगुणामावशी, तुमच्या तबीथाचा सलाम.

मी पोचले. त्र्यंबकच्या पुढं चप्पल तुटली म्हणून शेवटची वाट अनवाणी चालले, बाकी धडधाकट आहे. हे पत्र जव्हारच्या इदरीसकडे देते. तो घोड्यावर मीठ आणि कापड लादून मोखाड्याच्या बाजाराला येतो. पत्र तो जव्हारच्या टपालात टाकेल. उत्तरही त्याच्याच पत्त्यावर पाठवा.

दवाखान्यात आलेली गौरा सांगत होती ते खरं निघालं. माझी आई जिवंत आहे. सुकरी नावाची, डाव्या भुवईवर डाग असलेली, तीच. भाऊ रघ्याही आहे. त्याचं लग्न झालंय आणि त्याची बायको हिरी पोटुशी आहे. इतकी वर्षं मी आश्रमात स्वतःला पोरकी समजत होते आणि माझी माणसं इथं नाचणी दळत होती.

पण मावशी, त्यांनी मला घरात घेतलं नाही.

आई अंगणात सूप घेऊन बसली होती. मी समोर उभी राहिले आणि म्हणाले, मी फागी. तिनं माझ्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं, मग सूप तिथंच टाकून आत गेली आणि दाराला ताटी ओढून घेतली. रघ्या पुढं आला. म्हणाला, "फागी नाय. फागी छप्पन्नच्या दुकाळात बापासंगं मेली. तिचा चिरा उभा हाय तिकडं. तू जी कोणी असशील ती जा."

चिरा म्हणजे मेलेल्याच्या नावानं उभा केलेला दगड. तो एकदा बसवला की त्या माणसाला घर उरत नाही. ते परत आलंच तर ते माणूस नसतं, आणि जाताना कुणाला तरी सोबत घेऊन जातं. हिरीला दिवस गेलेत, म्हणून रघ्या जास्तच घाबरला. चौदा वर्षांपूर्वीच्या, संवत छप्पन्नच्या दुष्काळात बाप मला घेऊन खाली खडी फोडायला गेला होता. बरोबरची माणसं परतली ती दोघं गेल्याचं सांगतच. बाप खरोखर गेला. मीही मेलेल्यांच्या रांगेत होते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुम्ही माझी पापणी हललेली पाहिलीत, तोंडात पाणी घातलंत, आणि पेत्रानं जिला मरणातून उठवलं त्या बाईचं नाव मला दिलंत.

आता माझी चूक ऐका. पाड्याबाहेर उंबराखाली दोन चिरे आहेत, एक मोठा, एक गुडघ्याएवढा. धाकट्यावर चंद्रसूर्य कोरलेत आणि ताजा शेंदूर होता. स्वतःच्या मरणाचा दगड बघून मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. वाटलं, थडगं रिकामं आहे हे एकदा दाखवलं की झालं. सगळ्या पाड्यादेखत मी पदरानं शेंदूर पुसला आणि म्हणाले, बघा, हा नुसता दगड आहे, मी इथं उभी आहे. बायका ओरडत मागं सरल्या. आई धावत आली. माझ्याकडं न बघता ती दगडाला धरून बसली आणि लेकराचं तोंड पुसावं तसा उरलेला शेंदूर बोटांनी सारखा करू लागली.

मी पाड्याबाहेरच्या पडक्या गोठ्यात उतरले आहे. आईनं मला आत घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. प्रार्थना करा.

तुमची
तबीथा


नाशिक
६ मार्च १९१४

तबीथा, तुला आशीर्वाद, आणि समोर असतीस तर एक धपाटासुद्धा.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! आल्या आल्या दगडाला हात घालायची काय गरज होती? प्रभू उठला तेव्हा त्यानं बागेत रडणाऱ्या मरियेला आधी नावानं हाक मारली. थडग्याची धोंड तिच्या अंगावर ढकलली नाही. ती बाई चौदा वर्षं त्या दगडाशी सुखदुःख बोलली असेल. तू ते सगळं पदरानं पुसलंस. माझ्या हाताखाली वाढलेली पोर, आणि एवढी अक्कल नसावी?

आता शहाण्यासारखं ऐक. शाळेतली तुझी जागा मेअखेरपर्यंत राखून ठेवतील, पुढं नाही. तुझी खाट मी एका नव्या मुलीला दिली आहे, पण आलीस तर दुसरी टाकता येईल. आई जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहिलंस, देवाचे आभार मान आणि परत ये. आतून ताटी लावलेल्या दारासमोर किती दिवस बसणार? इथं धाकट्या मुली रोज विचारतात, तबीथाताई कुठं. मी सांगते, डोंगरावर हवा खायला गेली आहे.

मला काही कमी नाही. खोकला नेहमीचाच.

सगुणामावशी


सूर्यमाळ
२९ मार्च १९१४

मावशी, सलाम. धपाटा पोचला आणि बरोबर जागी बसला.

इदरीसकडून शेंदराची पुडी आणवली आणि आईच्या दारात ठेवली. मी लावला नाही, लावणारही नाही. पण तो तिचा होता, मी पुसला, म्हणून तिला परत केला. मी वळल्यावर ताटी उघडल्याचा आवाज आला. पुडी आत गेली.

इथं आता पाण्याची चणचण सुरू झाली आहे. झऱ्यावर बायका रांगेनं बसतात, करवंटीनं भरतात. माझी घागर शेवटची. माझ्यानंतर कुणाला भरावं लागू नये म्हणून मी स्वतःच शेवटी बसते. माझ्या हातचं पाणी कुणी घेत नाही. परवा एक म्हातारी उन्हानं भोवळ येऊन बसली, मी ओंजळ पुढं केली, तर तिनं तोंड फिरवलं. घरची भाषाही मी विसरले आहे. लोक बोलतात ते निम्मं कळतं आणि माझं बोलणं ऐकून पोरं हसतात. ती हसतात हे बरं वाटतं. भुताला कुणी हसत नाही.

आता मुख्य गोष्ट. इथली सुईण गोदी, मूळची जामसरची, वयानं वाकलेली, पण जिभेनं अजून ताठ. ती आपणहून गोठ्यात आली. म्हणाली, "मेलेलं मानूस घरात येतं, पन मेलेलं म्हनून नाय. जलमून येतं. सुकरीनं तुला परत जलम द्यावा." जामसरला एक माणूस पलटणीतून असाच परतला होता, त्याला त्याच्या आईनं बाळंत होऊन घरात घेतलं म्हणे. बाळंतीण निजते, आलेलं माणूस तिच्या लुगड्याखालून काढतात, न्हाऊ घालतात आणि नाव ठेवतात.

मी तिला स्पष्ट सांगितलं, गोदीआजी, मी येशूची आहे. मी देवाला कोंबडं देणार नाही, दारू शिंपडणार नाही, कुणापुढं हात जोडणार नाही. ती हसायलाच लागली. "जलमलेलं पोर कुनाला हात जोडतं काय? ते नुसतं रडतं. तुला रडता येतं ना?"

पण आई नको म्हणाली. गोदीनं तिचे शब्द जसेच्या तसे मला आणून दिले. "एकदा पुरली. आता जलम दिला नि ही परत खाली गेली, तर मी दुसरा चिरा कुठून आनू?"

मावशी, हे ऐकून मी त्या गोठ्यात किती रडले असेन. आईला मी भूत वाटत नाही. तिला मी जाणारी वाटते. भुताशी मला लढता आलं नसतं, याच्याशी येतं. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला द्या. मी थांबते आहे.

बापाचं एक वावर पड आहे. मी रघ्याला मागितलं. तो हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. भात पेरण्याआधी इथं बियाण्याचा तुकडा भाजतात. शेण, फांद्या, पाला एकावर एक रचून पेटवतात, त्याला राब म्हणतात. तो जळून राख झाल्याशिवाय इथल्या मातीत चांगलं रोप धरत नाही. आणि जो राब भाजतो तो लावणीला थांबतो, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी भाजणार आहे. टोळांनी खाऊन टाकलेली वर्षं देव भरून देतो, हे वचन तुम्हीच आमच्याकडून अंथरुणात पाठ करून घेत होता. तेव्हा मला ते गोड गाणं वाटायचं. आता ते मी त्याच्याकडे मागते आहे, आणि मागताना कुदळ हातात धरली आहे.

तबीथा


नाशिक
८ एप्रिल १९१४

तबीथा,

ईस्टरच्या आठवड्यात मला राग आणू नये, पण तू आणलास.

तुझा नवा जन्म झालेला आहे. आपल्या देवळात, माझ्यादेखत, बाप्तिस्म्याच्या पाण्यानं झालेला आहे. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात शिरायचं की काय, असं निकदेमानं प्रभूला विचारलं, तेव्हा आपण सगळे त्या बिचाऱ्याला हसलो होतो. तू तर त्याच्याही पुढं गेलीस. लुगड्याखालून! आणि शेंदूर विकत आणलास तो मी दिलेल्या वाटखर्चातून. उद्या पाळकसाहेबांनी विचारलं तर मी कोणत्या तोंडानं सांगू?

आज एक लुगडं, उद्या एक कोंबडं, परवा भगताचा अंगारा. उतरणीला लागलेल्या गाडीला कुणी विचारत नाही, कुठं चाललीस.

आणि ती तुला जन्म देणार, तर मग मी तुझी कोण?

ही वरची ओळ खोडली आहे. वाचायची नाही.

सगुणामावशी


नाशिक
२० मे १९१४

तबीथा बाळ,

तुझं पत्र नाही. ईस्टर होऊन गेला, मुलींनी देऊळ सजवलं, पण तुझ्यासारखा पताका लावणारा हात नव्हता, सगळ्या एका बाजूला कलल्या.

काल इदरीसचं कार्ड आलं. त्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं दिसतं. एवढंच आहे: "सूर्यमाळवाल्या बाईंनी आग लावली. फार चांगलं जळालं. बाई तिथंच आहेत." मी कार्ड चार वेळा वाचलं. चांगलं जळालं म्हणजे काय? गोठा जळाला का? तुला भाजलं का? लोकांनी तर काही केलं नाही ना? तो घोडेवाला सुखरूप असा एक शब्द लिहिता तर त्याचं काय गेलं असतं?

मी रागानं लिहिलं ते लिहिलं. तुझी खाट कुणाला दिलेली नाही. तुझं आधीचं पत्रही मी उशीजवळच ठेवते. एक ओळ पाठव.

मावशी


सूर्यमाळ
२ जून १९१४

माझी मावशी,

भाजलं नाही, जळले नाही, सुखरूप आहे. जळाला तो माझा राब, आणि खरंच फार चांगला जळाला. इदरीसला डोंगरातल्या माणसासारखा आनंद झाला, म्हणून त्यानं तसं लिहवलं. त्याच्यावर रागावू नका. आणि पत्र का नाही, तर नवजात पोर पत्र लिहीत नाही. बाळंतिणीच्या कोपऱ्यातून त्याला बाहेर येऊ देत नाहीत.

हो मावशी. झालं.

नीट सांगते. मी महिनाभर शेण गोळा केलं, फांद्या ओढून आणल्या, पाला वाहिला. हाताची सालटी निघाली. बायका झऱ्यावर जाता येता बघायच्या. रघ्या कुणाला तरी म्हणाला, झरा आटला की जाईल. झरा जवळजवळ आटला. मी खालच्या ओहोळापर्यंत उतरून घागर आणू लागले. मग एका सकाळी सगळा थर रचून झाला आणि मी पेटवायला बसले, तेव्हा मागून आवाज आला.

"वरून माती नाय पसरली. अशीच पेटवलीस तर भडकून जाईल, भुई कशी भाजंल? कोनी शिकवलं तुला?"

आई होती. मला बोललेले तिचे हे पहिले शब्द. मी म्हणाले, कुणी नाही शिकवलं, शिकायच्या वयात मी इथं नव्हते. तिनं पदर खोचला, बारीक माती पाटीत भरली आणि सगळ्या थरावर हळूहळू पसरली. मीही पसरू लागले. मग तिनं वारा बघितला, मला हाताला धरून दुसऱ्या टोकाला नेलं आणि म्हणाली, हितनं लाव. मावशी, तिनं माझा हात धरला. राब दुपारपर्यंत आत आत धुमसत राहिला आणि आम्ही दोघी शेजारी बसून बघत राहिलो. उठताना ती एवढंच म्हणाली, "एवढा राब भाजला म्हंजे लावणी करशील." मी म्हणाले, लावणी करीन, कापणी करीन, पुढच्या वर्षीही भाजीन.

चार दिवसांनी गोदी मला बोलवायला आली.

आई चुलीजवळ चटईवर निजली होती. आत फक्त बायका. मी आधी उंबऱ्याबाहेर गुडघे टेकले आणि आपल्या प्रभूला मोठ्यानं सांगितलं की तू मला एकदा उठवलंस, आता घरात पोचव. सगळ्यांनी ऐकलं, कुणी अडवलं नाही. मग मी आईच्या लुगड्याखालून सरपटत निघाले आणि गोदीनं मला खांद्याला धरून ओढलं. बायकांचं तोंडं दाबून हसू चाललं होतं, कारण पोर सुपात घालायचं असतं आणि मी कुठली सुपात मावते? शेवटी एक पाय ठेवला. गोदी ओरडली, "पोरगी झाली!" आईनं गुळाच्या पाण्यात बोट बुडवून माझ्या ओठाला लावलं. मग ती अशी रडली की हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. मला रडायला येतं का असं गोदीनं विचारलं होतं ना? आलं.

पाचव्या दिवशी नाव. रघ्या म्हणाला, आता धाकटा चिरा काढून टाकू. आई म्हणाली नाही. "ती माझी फागी. ती एवढीशी होती. तिला मी वाढवलीच नाय. ती गेली ती गेलीच." आणि मेलेल्याचं नाव जिवंताला ठेवत नाहीत. मग तिनं मला विचारलं, "नाशिकवाली आई तुला काय म्हनते?" हे तिचे शब्द आहेत मावशी, मी घातलेले नाहीत. मी नाव सांगितलं. त्या बाईची गोष्ट सांगितली, गरिबांना कपडे शिवून देणारी, मेलेली, उठलेली. आईनं विचारलं, "तिला कोनी उठवली?" मी म्हणाले, ज्यानं मला उठवलं त्यानंच. ती म्हणाली, "तर तेच नाव खरं."

त्यांना तबीथा म्हणता येत नाही. मी आता तबी आहे. काल सकाळी आई राब बघून आली, उंबऱ्यावर बसली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तबी, पानी दे." मी दिलं. ती प्याली.

तुमची ती खोडलेली ओळ मी वाचली. उत्तर वर लिहून झालं आहे.

तबीथा


नाशिक
२१ जून १९१४

सूर्यमाळच्या सुकरीबाईंस, नाशिकच्या सगुणेचा नमस्कार. हे पत्र तबीथानं तुम्हाला वाचून दाखवावं.

बाई, आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. इदरीसबरोबर एक गाठोडं पाठवते आहे. त्यात तुमच्यासाठी लाल काठाचं लुगडं, डिंकाचे लाडू, सुकं खोबरं आणि बाळासाठी कुंची-टोपडं आहे. हसू नका. बाळंतविडा म्हटला की मला एकच माप शिवता येतं. हात आता कापतो, म्हणून टाके वाकडे पडले आहेत.

मी तुमच्या पोरीला फार रागावले होते. मला वाटलं, ती तुमची झाली तर तिचा देव आणि मी, दोघंही तिला परके होऊ. तुम्ही तिला माझ्या तोंडचं नाव दिलंत. त्या दिवसापासून मी रोज सकाळी उठते ती तुमचं नाव घेऊन.

चिरा राहू द्या. तबीथालाही मी हेच सांगते. आमचा प्रभू मरणातून उठला तेव्हा त्याच्या हातावरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. सगळं नवं करणारा तो, पण ते त्यानं पुसले नाहीत. तुमची एवढीशी फागी खरोखर गेली. त्या वर्षांत तिचे केस मी विंचरले, पण ते केस तुमचे होते. तुम्ही तिला दोनदा जन्म दिलात. मी एकदाही नाही.

आशीर्वाद द्यायला मी मोठी की तुम्ही, ते ठाऊक नाही. म्हणून नमस्कारच करते.

सगुणा


सूर्यमाळ
१९ जुलै १९१४

मावशी, आई सांगते तसं लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

"सगुणाबाय, गाठोडं पोचलं. लुगडं नेसली. लाल हाय, या वयात मला शोभत नाय, तरी नेसली. गोदीला दोन लाडू दिले, ती आनखी मागते. टोपडं तबीच्या डोईला बसलं नाय. हिरीला पोरगा झाला, त्याला घातलं. टाके वाकडे हायेत, पन पोराला काय कळतं.

तबीचा राब दाट उगवला. रघ्याच्या राबाहून हिरवा हाय, तो बोलत नाय पन बघतो. आता लावणी चालू हाय. पोरगी पाठ मोडून काम करते, रात्री तुझा देव आठवून बोलते, मी ऐकते. फागीच्या चिऱ्याशी मी अजून बोलते, ते ती ऐकते.

तू लिवलंस, तू तिला एकदाबी जलम दिला नाय. मग मेलेल्यांच्या रांगेत तिच्या तोंडात पानी कोनी घातलं? ते काय मी घातलं? मी तर हितं दगड उभा करीत होती.

बाळंतविडा कोनी दुसऱ्याच्या हाती धाडत नाय, सोता घेऊन येतं. तबी सांगते तुला खोकला हाय, चढ सोसनार नाय. रघ्या नि दोघं जन डोली घेऊन दिवाळीनंतर खाली येतील, तयार राहा. आमच्याकडं खाट नाय, चटई हाय, चुलीजवळची. आलीस की पानी तबी देईल. तिच्या हातचं आमी समदी पितो."